मेहुण्याची तीन बिलं

...आणि वर गप्प बसायचं! तुम्हाला सांगतो, कायद्याचं बाकी सगळं मला मान्य आहे. कोणी मोठी रोकड घेऊन सोनं घ्यायला आलं की ओळखपत्र बघा, पैसा कुठला ते विचारा, लिहून जपून ठेवा, काही वावगं वाटलं तर वरच्या कचेरीला कळवा... करतो की. पण कळवलं हे कोणाला सांगायचं नाही. गिऱ्हाइकाला नाही, बायकोलाही नाही. अहो, मी सराफ माणूस, माझा अर्धा धंदा गप्पांवर चालतो, आणि मला म्हणे, सांगायचं नाही! तुम्हालाही सांगायला नको खरं तर, पण तुम्ही पडलात परके, आणि दार लावलेलं आहे.

तर गिऱ्हाईक कोण? बायकोचा सख्खा थोरला भाऊ. दुपारची सामसूम बघून आला, काउंटरवर फुगलेली पिशवी ठेवली आणि सोन्याची बिस्किटं मागितली. पैसा कुठला विचारलं, तर म्हणे जागा विकली. चहा येईपर्यंत जागेची गाडी झाली, चहा संपेपर्यंत ती गाडी मित्राची झाली. मग पुढे वाकून हळूच म्हणतो, "भाऊजी, एक बिल कशाला? तीन करा ना, रक्कम छोटी दिसेल. एक माझं, एक माझ्या बायकोचं, एक आईचं."

आता सासूबाई फोटोत जाऊन किती वर्षं झाली हो... त्यांचं ओळखपत्र मागू कोणाकडे? मी म्हटलं, जमणार नाही. पिशवी उचलून तरातरा निघून गेला. वाटलं, सुटलो. कसला सुटतोय? सौदा फिसकटला तरी कळवायचंच. कळवलं. आणि सांगायचं नाही!

घरी जेवताना बायकोनं विचारलं, आज दुकानात काय झालं? म्हटलं, काही नाही. लग्नापासून माझ्या तोंडून हे वाक्य तिनं ऐकलेलं नाही. घास हातातच राहिला तिचा. आधी माझं कपाळ चाचपलं, मग माझा फोन. दोन्हीकडे काही सापडेना, तशी डोळे भरून म्हणाली, "कोण आहे ती?" आता काय बोलू? ती नाही गं, तो आहे, तुझा दादा आहे... सांगायचं नाही!

समजूत घालायला तिनं बोलावलं कोणाला? दादालाच. आला, शेजारी बसला, खांद्यावर हात टाकून म्हणाला, घरच्यांपासून काय लपवायचं, मन मोकळं करा. मी तोंड उघडलं ते निव्वळ जांभईसाठी, पण त्याचा चेहरा पांढराफटक. घाईघाईनं बहिणीला म्हणतो, "अगं वेडे, तुझ्यासाठी गुपचूप चांगला घसघशीत हार घडवतायत ते! मी डोळ्यांनी बघितलाय."

बायको अशी फुलली, की नाही म्हणायची माझी काय बिशाद?

हार झाला. चांगला घसघशीत, तिच्या भावाच्या तोंडून निघाला तेवढा. बिल करायला गेलो, तर माझाच हिशेबनीस चष्म्यावरून बघत म्हणतो, "मालक, रक्कम मोठी आहे. ओळखपत्र दाखवा, आणि खरेदीचं कारण?"

ओळखपत्र दिलं. कारण... म्हटलं, बाबा, तेवढी जागा कोरी सोड.