नानांचं बिनमिठाचं भरीत

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा, डॉक्टरवर की स्वतःच्या घाईवर? आमचे थोरले भाऊ नाना, एरंडोलचे केळीचे व्यापारी. डिप्रेशननं पार मुके झाले होते. ताटात पडेल ते निमूट गिळायचे. आठ दिवस गोळ्या घेतल्या आणि म्हणाले, "काहीच फरक नही. मी बंद करस."

डॉक्टरांनी समजावलं, "मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडून एकमेकींना निरोप देतात आणि ते लगेच परत ओढून घेतात. गोळी ते ओढू देत नाही. पण मेंदूची घडी बसायला काही आठवडे जातात."

मी विचारलं, "नाना, केळी पिकवायच्या खोलीचं दार कोणी मध्येच उघडलं तर?"

"शिव्या देस!"

"मग थांबा की!"

नाना थांबले, गोळ्या घेत राहिले. काही आठवड्यांनी मळ्यात भरीत पार्टी झाली. मी केलेल्या भरताच्या पहिल्याच घासाला नाना माझ्यावर कडाडले, "मीठ कोन टाकी? तुना बाप?"

"नाना, तो तुमचाही बाप शे!"

नाना पोट धरून हसले. वहिनी डोळे पुसत मीठ आणायला पळाल्या.

तुमच्याकडे कोणाच्या गोळ्या चालू असतील, तर घाईनं आपल्या मनानं बंद करू नका; घेतलेल्या आणि चुकवलेल्या, दोन्हींचा हिशोब डॉक्टरला खरा सांगा, भाऊ.