बॅगेतून काढलेली फाईल

नाही गं, दोन नाही, तीन गाऊन घे. आणि पुढून बटणांचे घे, नंतर पाजायला बरं पडतं. चप्पल अशी घे की वाकायला नको. लिहून घेतेस? घे, घे. कितवा लागला म्हणालीस — सातवा? मग भरूनच ठेव आता. पहिलटकरणीला वाटतं, अजून पुष्कळ वेळ आहे, आणि मग आमच्यासारखं होतं — सकाळी आंघोळीलाच पहिली कळ येते आणि घरभर नुसती पळापळ. माझी मुलगी आत आहे ना, त्या दारापलीकडे. सकाळपासून. होईल गं, होईल, तुला घाबरवायला नाही सांगत मी.

तिची बॅग तर तीन आठवड्यांपूर्वीच भरून तयार होती. ऑफिसातली शिस्त! वेगवेगळ्या पिशव्या, त्यांवर चिठ्ठ्या — ‘माझं’, ‘बाळाचं’, ‘कागद’. चार दिवसांपूर्वी मी तिच्या घरी आले, तर दारातच म्हणाली, "आई, त्या बॅगेला हात लावू नको हं." बरं म्हटलं. पण लेकीचं एवढं ऐकलं तर मी आई कसली? मी जुन्या चादरीचे कपडे आणले होते बाळासाठी, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले — ते कुठे कोंबायचे? म्हणून आज ती आंघोळीला गेली तशी मी बॅग उघडली, सगळं पलंगावर काढलं. फाईलसुद्धा. तू फाईल सगळ्यात वर ठेव हं. लिही ते. फाईल वर.

कारण फाईलवाचूनच अडलंय आमचं. कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत इंजेक्शन देतात ना, ते घ्यायचं तिने आधीच ठरवलेलं. पण रक्ताचे रिपोर्ट बघितल्याशिवाय देत नाहीत म्हणे. रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधले, ते फाईलमध्ये, आणि बॅग उघडली तर फाईलच नाही. पुन्हा रक्त घेतलंय, पण त्याला दीड तास. तोवर तशीच सोसतेय पोरगी. जावयावर काय ओरडली दारातून — "एक बॅग उचलून आणायची होती तुला! एक बॅग!" तो बिचारा म्हणतोय, "अगं, होती तशी उचलली मी." होती तशीच उचलली गं त्याने. आता घरी गेलाय शोधायला. दोनदा फोन आला त्याचा. सोफ्याखाली बघितलं, गाडीची डिकी बघितली, फ्रिजसुद्धा उघडून बघितला म्हणे. "आई, तुम्ही कुठे बघितलीत का हो?" मी म्हटलं — नाही हो.

दोनदा म्हटलं, नाही हो.

अशी काय बघतेस? — बघ, बघ. ओळखलंस तू. माझ्या बॅगेत आहे ती. माझ्या आतल्या कपड्यांच्या खाली, पार तळाशी. सगळं घर उलथंपालथं करेल तो, पण सासूच्या बॅगेला जन्मात हात लावायचा नाही. चांगल्या घरचा आहे ना, तेच नडलंय.

मुद्दाम नाही गं लपवली. म्हणजे — लपवलीच, पण इंजेक्शनचं मला काय ठाऊक? पलंगावर बसले होते, फाईल चाळली. वाटलं, बाळाचा फोटो असेल सोनोग्राफीचा. तर मागे जुने कागद. दुसऱ्याच दवाखान्यातले. दोन वर्षांपूर्वीचे. तिला तेव्हा तिसरा महिना होता आणि — राहिलं नाही ते. मघाशी तिला पहिलटकरीण म्हटलं ना मी? सवयीने म्हटलं. पहिलटकरीण नाही ती. मला कुणी सांगितलंच नाही. आणि कागदाखाली सोबत आलेल्या नातेवाइकाची सही — विहीणबाईंची.

खरं सांगू? पहिल्यांदा वाईट नाही वाटलं मला. राग आला. सासूला सांगितलं आणि मला नाही! आत्तासुद्धा आत कोण आहे तिच्याजवळ? विहीणबाई. एकालाच सोडतात, तिने त्यांचं नाव सांगितलं. मग तारीख बघितली. आणि मला ते दिवस आठवले, कारण त्याच आठवड्यात माझ्या भाचीचंही तसंच झालं होतं आणि मी फोन करून हिला सांगितलं होतं. कसं सांगितलं होतं? — मी म्हटलं, दिवसभर उंडारायचं, ऑफिसचे जिने चढायचे, स्वतःला जपायचं नाही, मग दुसरं काय होणार? असं म्हटलं. माझ्या तोंडाने. ती म्हणाली, "आई, दूध उतू जातंय, ठेवते." मीही ठेवला. मला वाटलं, खरंच दूध उतू जातंय.

तेवढ्यात आज बाथरूममधून तिची हाक आली — "आई!" नवऱ्याला नाही, मला मारली गं हाक. आणि मी काय केलं, तर फाईल आधी माझ्या बॅगेत खुपसली आणि मग धावले. बाकीचं मागाहून तिच्या बॅगेत भरलं. मी वाचलंय हे तिला कळू नये, बाकी काही नाही. पण आता फाईल कुठे आहे ते सांगायचं म्हणजे —

थांब. त्याचाच आहे.

हॅलो. हं. — नाही, कपाटात नका बघू. ऐका. माझ्या खोलीत जा. माझी बॅग उघडा. — हो, माझीच. — अहो, उघडा म्हणते ना, माझे कपडे काय चावतायत तुम्हाला? पार तळाशी. — मिळाली? — नाही, चुकून नाही. मी ठेवली. — हो. वाचली. — मागचेही.

ऐकताय ना? हॅलो?

काय? — नाही, गाडीत सापडली असं नका सांगू. माझ्यापायी बोलणी खाल्लीत तेवढी पुरे झाली. मीच सांगते तिला, आत्ता. — अहो, असं नका करू. डोळे पुसा आधी. तुमचंही होतं हो ते, मला — गाडी चालवायचीय तुम्हाला. सावकाश या. ठेवते.

रडतोय.

ऊठ गं तू. तुझं नाव पुकारतायत मघापासून, जा. नाही, सोबत नको मला. जा म्हटलं ना. मला ते दार वाजवायचंय आणि विहीणबाईंना म्हणायचंय, दोन मिनिटं बाहेर या. ते कुणी बघायला नको.

जा.