दुभाष्याचा हक्क

सीमेवरील चौकीत आम्ही रांगेत उभे होतो. शेजारी दोन देशांचे दोन हवालदार एका सायकलचोराचे विधिवत हस्तांतर करीत होते. उभयतांस परस्परांची भाषा अवगत नव्हती. चोरास मात्र दोन्ही येत होत्या.

“दुभाष्या मिळणं हा तुझा हक्क आहे. पण तो रजेवर गेलाय.”

“मग मीच होतो की, साहेब.”

“बरं, विचार यांना, तुरुंगात नीट सांभाळणार ना?”

चोराने विचारले. पलीकडचे हवालदार हातवारे करीत पुष्कळ बोलले.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, माणूस सज्जन दिसतोय, बेड्या काढा.”

“एवढंच? केवढं बोलले ते!”

“बाकीचं तुमच्या मिशांबद्दल होतं.”

“असं होय? आभार सांग हो माझे.”

बेड्या निघाल्या.

“सांगितले. आता दोघांनी हस्तांदोलन करा, की झालं.”

“आणि तू कुठं निघालास?”

“बोलणं संपलं ना, साहेब. दुभाष्याचं आता काय काम?”