उलाळ गाडी

वीरभद्रप्पांनी आपल्या हलक्या मोटारीमागं सरकीनं लादलेली बैलगाडी बांधली होती. होटगीला फुकट नेतो म्हणाले, म्हणून निंगव्वा मोटारीत बसली. पण फुकटाचं म्हटल्यावर तिचे कान टवकारलेलेच होते. बाहेर ड्रायव्हर मालकाशी हुज्जत घालत होता.

"समदी पोती मागच्या अंगाला का रचली, मालक?"

"पुढं रचली की मोटारीवर भार येतो."

"थोडा यायलाच पायजे. मागं वजन पडून गाडी उलाळ झालीया. उतारावर हेलकावंल आन् मोटारीला घिऊन नाल्यात जाईल."

"वीस बैलांचं बळ हाय म्हनला हुतास की!"

"वडायचं हाय. मागनं रेटा आला तर थोपवायचं कुटं हाय?"

"लई भितोस. हळू चालव."

"मग तुमी बसा की माज्या शेजारी."

"मी आगगाडीनं येतो."

"तिकीट काढलं व्हय?"

"सकाळीच. मला मोटार लागती रं."

निंगव्वा गाठोडं काखेत मारून खाली उतरली.

"अवो आक्का, बसा की! फुकट नेतोय!"

"व्हय, ऐकलं. ठेसन कुटल्या अंगाला हाय, तेवडं सांगा."