लेण्यातली सबंध फेरी

खरं तर हे सांगायचं नाही, असं विठामावशीनं मला एकवीरेच्या पायऱ्यांवरच बजावलं होतं, पण 'शालूचं नाक नकटं म्हणून स्थळ मोडलं' असं तिनंच अख्ख्या लोणावळ्यात सांगितल्यावर मी किती दिवस गप्प बसू, तुम्हीच सांगा! बघा हे नाक. बघा ना! काय नकटं आहे यात? नाकाचा काही संबंधच नाही. मी काही बोलले नाही, मी फक्त चालले!

झालं काय, मी शाळेसाठी मावशीकडे राहते, सातवीत आम्ही तीनच मुली, फायनलची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि मावशी म्हणते कशी, "चल कार्ल्याला, देवीच्या पाया पड, पास होशील!" मी आपली हरखून निघाले. पायऱ्या चढताना पिशवीत डोकावले... पास व्हायला नारळ ठीक आहे, पण खण, साखरेचा पुडा आणि सुपाऱ्या कशाला? वर पोचतो तर देवळापाशी नवलाख उंबरे गावची रतनबाई बसलेली, शेजारी तिचे सासरे भिमाजीआबा, आणि खांबाआड तिचा मुलगा बजरंग, स्वतःच्या पायाचे अंगठे बघत! आबांनी विचारलं, "पोरी, नाव काय तुजं?" आता अनोळखी माणसासमोर माझं तोंडच उघडत नाही, त्याला मी काय करू? मी काही बोलले नाही. रतनबाई लगेच खूश. "लय गुणाची हाय! तोंडातनं शब्द न्हाई!" म्हणजे आता सुपारी फुटणार, खण ओटीत पडणार आणि माझी पुस्तकं माळ्यावर!

देवीचं दर्शन झालं. मावशी म्हणाली, लगतच्या लेण्यातल्या म्हादेवाला फेरी घालू, मग सुपारी. महादेव कसला? तो स्तूप, बुद्धाच्या भिक्षूंचा! शाळेत बाईंनी फळ्यावर काढून दाखवलाय. पण आमच्याकडे तो महादेवच, आणि महादेवाची फेरी अर्धी, पाण्याची पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागं फिरायचं. आता स्तुपाला कुठली आलीय पन्हळ? मग वळायचं कुठं? मागच्या अंधारात मावशी तिसऱ्या खांबाशीच वळली, आणि रतनबाई पाचव्यापाशी जाऊन ओरडली, "अवो, पन्हळ हितं हाय!"

"माजी सासू हितनंच वळायची!"

"तुमच्या सासूला दिसत तरी व्हतं का?"

आबा म्हणाले, "ठरवा दोगी मिळून, तवर मी बसतो." बसलेच!

आणि मी? वर त्या दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानींकडे बघितलं, आणि मनात म्हटलं, तोंड चालत नाही ना माझं? पाय तर चालतात! निघाले... मावशीला मागं टाकून, रतनबाईला मागं टाकून, सबंध गोल फेरी मारून दुसऱ्या बाजूनं थेट आबांच्या पुढ्यात!

"अगं बया बया! पन्हळ वलांडली की पोरीनं!" रतनबाईचा आवाज असा घुमला की वटवाघळं उडाली. आबांनी विचारलं, "कंची वलांडली? तिसऱ्या खांबाची का पाचव्या?" पण ऐकतंय कोण? खण पिशवीत, साखर पिशवीत, आणि पायऱ्या उतरताना मावशीचं सुरू, "कुणी इचारलं तर नाक सांगायचं! पन्हळीचं कळलं तर दुसरं स्थळ यायचं न्हाई!" मी काही बोलले नाही...

आणि काल आबांचा निरोप आला! मला वाटलं, शिव्या असतील. तर म्हणे, "तुमी गेल्यावर आमी सबंद फिरून बगितलं. पन्हळ न्हाई. पोरगी बराबर हाय. आमाला पसंत. तिची परीक्षा हू द्या, मंग सुपारी फोडू."

घ्या! एवढी सबंध फेरी मारून मी पुन्हा होते तिथंच! अर्धी मारली असती तरी तिथंच आले असते म्हणा, पण सबंध मारली म्हणून निदान फायनल तरी...

"शालेऽऽ! कुणाशी बोलतीस गं? नाकाचंच सांगितलंस न्हवं?"

आले गं मावशी! अगं, मी काही बोलले नाही, मी फक्त...