कानावरचा तांबडा डाग

ताई : “अंगावर नवं काही उगवलं की लगेच दाखवायचं, उन्हात कान झाकायचे.” डॉक्टरीणबाई बजावत होत्या तेव्हा मान कशी डोलवत होतास! आता बोल. कानाच्या पाळीवर हे काय?

धाकटा : प्रायमर गं. खिडकीच्या गजांना रंगाआधीचा तांबडा हात मारताना उडाला.

ताई : कधी?

धाकटा : झाले असतील दोनेक महिने.

ताई : तू रंगवलेल्या भिंतींवर तरी टिकतो का रंग एवढा?

धाकटा : थिनरनं घासतोय रोज. जात नाही.

ताई : थिनरनं! अरे, खपली आहे ती, रक्त आलंय! आणि मी शिवलेली टोपी कुठाय, कान झाकणारी?

धाकटा : ती... रंग गाळायला घेतली. कापड छान होतं.

ताई : शाबास! पोटात माझी किडनी घेऊन हा परांचीवर उघड्या डोक्यानं, आणि माझ्या टोपीतून रंग गाळतोय! अंगानं किडनी झिडकारू नये म्हणून तुझ्या गोळ्या आतले पहारेकरीच झोपवतात. मग कातडीला उन्हापासून वाचवणार कोण? हे पाठ होतं ना तुला?

धाकटा : पाठ आहे म्हणूनच दाखवलं नाही.

ताई : म्हणजे?

धाकटा : रंग नाही, ते मलाही कळलंय. तपासणीला शेजारी एक सुतार बसायचा, किडनी बदललेलाच. त्याच्या नाकावर असंच निघालं. कॅन्सर. त्याच्या गोळ्या कमी केल्या. माझ्याही केल्या आणि तुझी किडनी बंद पडली तर? तुला तोंड कसं दाखवू?

ताई : गप्प बस! किडनी जपायला तुला नाही ठेवलं मी. तू राहावास म्हणून दिली ती. उसनं पातेलं आहे का, घासूनपुसून परत करायला? त्या सुताराचं काय झालं?

धाकटा : लहान होतं तेव्हाच काढलं. आता पुन्हा कामावर रंधा मारतोय.

ताई : आणि तू थिनर मार! ऑपरेशनला नेताना मला काय म्हणाला होतास?

धाकटा : ...“ताई, यातून उठलो तर तुझं मुकाट ऐकेन.”

ताई : मग?

धाकटा : टोपी तर गेली. तुझी ती फुलाफुलांची छत्री दे.

ताई : दवाखान्याच्या वाटेवरच तुमची परांची. सगळे हसतील.

धाकटा : हसू देत. ऊन आत्ता कुठल्या बाजूला असेल गं?