हातभर अंतर

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर बास्केटबॉलच्या कोचबाई आणि कोपराला बर्फ धरलेली त्यांची खेळाडू बसल्या होत्या.

"दुखतंय?"

"खूप दुखतंय, बाई."

"छान."

"छान काय? आडवी झाले मी."

"साथीनंतर लीग परत सुरू झाली, तेव्हापासून तुम्ही समोरच्या मुलीपासून हातभर लांब. ती बास्केटकडे निघाली की पाहुणी आल्यासारखी वाट करून देता."

"सरावात खडूचे गोल आखून तुम्हीच शिकवलंत, आपापल्या गोलात राहा म्हणून."

"शिकवलं गं. पण गोल पुसले तरी तुमच्या पायांतून जाईनात. मला वाटलं, आता या पोरी कायमच्या अशाच राहणार."

"आज समोरची अंगावर आली, तर मी हललेच नाही."

"बघितलं ना. पंचांनी शिट्टी मारली आणि मी टाळ्या वाजवत बसले."

तेवढ्यात दुसऱ्या संघाच्या जर्सीतली एक उंच मुलगी दारात आली.

"ताई, जास्त लागलं का? मी मुद्दाम नाही केलं."

"नाही गं. ये, बस."

"इथे? बाकावर साथीतली फुली आहे, मध्ये बसू नका म्हणून."

"मघाशी अंगावर येताना विचारलं होतंस का? बस."